कडुनिंबावरचं वल्हं

आलापल्ली,
रविवार, १ सप्टेंबर १९५७

इस्तारीभाऊ,

नानाजीचा रामराम. कोण नानाजी, असं पत्र वाचणाऱ्या देवाजी गुरुजींना विचारू नकोस. चामोर्शीच्या लाकूड डेपोतला बाबू, ज्याला तू उन्हाळाभर खपून डोंगा कोरून दिलास आणि ज्याने तो पहिल्याच रविवारी तुझ्यादेखत उलटा केला, तोच मी. बदली होऊन इकडे आल्यापासून पत्र टाकलं नाही. कामाचा डोंगर आहे. सागाच्या खोडांवर नंबर टाकता टाकता समोर येणाऱ्या माणसावरही नंबर टाकावासा वाटतो.

लिहिण्याचं कारण, मी पुन्हा नाव घेतली. हसू नकोस. आलापल्लीला नदी नाही, पण सायकलने तासाभरावर अहेरीला प्राणहिता आहे. रविवार उजाडला की माझे तळपाय खाजू लागतात, हे तुला माहीत आहे. भर आषाढात कोणी नाव विकत घेतो का? मी घेतली. विकणारा इतका खूश झाला की वल्हं वरून देऊन मोकळा झाला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. तळाच्या दोन फळ्यांमधून पाणी येतं. पूर आहे म्हणून काठाकाठानेच फिरतो, तरी मी वल्हवतो आणि माझी बायको तांब्याने पाणी बाहेर फेकते. परवा कमळा म्हणाली, "हे नाव होय का चाळनी होय? पान्यातच बसाचं होतं तं घरून पाट आनला असता." पाच रविवार झाले, घरून निघताना भाकर कोरडी असते आणि खायला काढली की कालवलेली. त्या भेगेत डांबर भरू का? एवढं कळव.

दुसरं. चांद्याहून येताना मोटारीत तुमच्या गावचा नथ्थू भेटला. म्हणाला, तुझं वल्हं अजून घाटावरच्या कडुनिंबाला टांगलेलंच आहे, म्हणजे तुला नदी अजून बंदच. मला वाटलं होतं, महिना-दोन महिन्यांत पंच काढून देतील. शिवरात्रीच्या पहाटे देवाची नाव उलटली, महादेवाचा पितळी मुखवटा डोहात गेला, वाईट झालं. पण नथ्थू म्हणतो, पंचांची तक्रार मुखवट्याबद्दल नाहीच. ज्याच्या हाती वल्हं होतं त्याने आपल्या तोंडाने "हात माझा चुकला" म्हणावं, की वल्हं खाली. आणि तू तेवढं म्हणत नाहीस. पुढच्या शिवरात्रीपर्यंत म्हटलं नाहीस, तर देवाला मार्कंड्याच्या यात्रेला पार नेण्याची पहिली खेप तुमच्या घराकडून जाणार आणि घाटावर नाव चालवण्याचा हक्कही जाणार. तुझ्या आजापासूनचा मान आहे तो. मग म्हणून टाक ना भाऊ! तीन शब्दांनी काय झिजतं? हट्टाने कोणाचं भलं झालं आहे?

मी त्या दिवशी मार्कंड्याच्या काठावर यात्रेत होतो, हे तुला ठाऊकच आहे. गर्दीत भेट झाली नाही.

डांबराचं कळव.

तुझा,
नानाजी


आलापल्ली,
६ ऑक्टोबर १९५७

इस्तारीभाऊ,

तुझं कार्ड मिळालं. मी दोन पानं लिहिली, तू दीड ओळ. "डांबर नको लावू. राळ अन् जवसाचं तेल उकळून भर, दोन ऊनं दाखव, मंग पान्यात टाक." खाली गुरुजींची सही. खुशाली नाही, रामराम नाही. वैद्यसुद्धा औषध देताना नाडी बघतो.

पण राळ बसली. थेंब येत नाही. कमळा आता नावेत रिकाम्या हातांनी बसते आणि त्यामुळे जास्त बोलते.

गेल्या रविवारी नवीनच झालं. सिरोंच्याच्या रस्त्याच्या बाजूला एका उंबराखाली नाव बांधून आम्ही जेवायला वर चढलो. खाली येऊन पाहतो तर दोर उंबराला आहे आणि नाव नाही. दोराचं टोक पाण्यात वळवळत होतं. नावेत माझा कोट, कमळाची छत्री आणि डबा. मी काठाने धावलो. धोतर काट्यांत अडकलं, चिखलात पडलो, उठलो, पुन्हा धावलो. कोसभर खाली एका कोळ्याने नाव धरून ठेवली होती. पोचू त्याचं नाव. तेलुगू बोलतो, मध्ये मध्ये आपलं बोलतो. त्याने दिलेल्या दोराने मी नाव बांधली, ती गाठ त्याने पाहिली आणि इतका हसला की त्याला खोकला लागला. म्हणाला, "बाबू, ये गाठ कुठी शिकला? हे तं कागदाच्या गठ्ठ्याची गाठ होय!"

खरं आहे. वीस वर्षं मी फायलींचे गठ्ठे बांधतो आहे. हाताला दुसरी गाठ येतच नाही. ती गठ्ठ्याला घट्ट बसते, ओल्या दोराला मात्र नको तेव्हा सुटते आणि हवी तेव्हा सुटत नाही. नाव कुठून बांधायची, कशी बांधायची, ते सांग. तोवर पोचूला रविवारी बरोबर घेतो आहे. माणूस बरा आहे. मी चुकलो की डोळे मिटून घेतो, बोलत नाही.

नथ्थूकडून कळलं की तू मूल गावाच्या रस्त्यावर गिट्टी फोडायला जातोस. हे काय चालवलं आहेस? तुझे हात गिट्टीचे आहेत का? मला चीड येते. तुझ्यावर येते, पंचांवर येते, त्या झाडावर येते. रविवारी घरात बसवत नाही आणि नावेत बसलो तरी बसवत नाही. अर्ध्या वाटेतून परत फिरतो. कमळा म्हणते, "तुमच्या अंगात मुंग्या शिरल्या का काय?"

गुरुजी, एक विचारायचं राहिलं. माझी पत्रं तुम्ही कुठे वाचता? शाळेच्या ओसरीवर की घाटाच्या पारावर? आणि ऐकायला कोणकोण असतं?

नानाजी


आलापल्ली,
१० नोव्हेंबर १९५७

इस्तारीभाऊ,

कार्ड मिळालं. "दोर नाकाले बांधजो, मांगं नाई. तुहा डोंगा आंब्याखाली पालथा घातला आहे. ऊन लागत नाई." आणि गुरुजींनी त्यांच्या सुरेख अक्षरात खाली लिहिलं आहे, "पत्रे पारावर वाचली जातात. श्रोते बारा ते पंधरा. नावेच्या गोष्टी सर्वांस आवडतात."

माझा डोंगा तू सावलीत ठेवलास. ते वाक्य वाचून मी उठलो, डेपोभर फिरलो, परत येऊन वाचलं. आता मला लिहिलंच पाहिजे.

गुरुजी, इथून पुढचं पंधरा लोकांसमोर वाचू नका. इथून पुढचं मनात वाचा.

भाऊ, मी यात्रेत नव्हतो. मी तुझ्या नावेत होतो. तुला काय सांगायचं, तुला तर माहीतच आहे. पण मी ते आजवर कुठे म्हटलेलं नाही, आरशासमोरसुद्धा नाही, म्हणून लिहितो.

हिवाळाभर मी तुझ्या मागे लागलो होतो, देवाची खेप पाहायची म्हणून. तू म्हणत होतास, "पहिली खेप देवाची होय बाबू. तिच्यात देव अन् एक ढिवर. तिसरा नाई." मी ऐकतो का? शेवटी तू कंटाळलास. त्या पहाटे म्हणालास, "बस. पन हात मांडीवर ठेवजो." धुकं इतकं होतं की आपल्याला काठ दिसत नव्हता आणि काठाला आपण दिसत नव्हतो. लाल फडक्यात गुंडाळलेला मुखवटा टोपलीत, टोपलीत नवे तांदूळ. तू उपाशी, अनवाणी. मी चहा पिऊन आलेला.

आणि मी बरोबर ताडपत्री आणली होती. डेपोतली, सरकारी. साहेबांच्या बंगल्यावरच्या एका मासिकात शिडाच्या नावेचं चित्र पाहिल्यापासून माझं डोकं फिरलं होतं. वाटलं, धुकं उठेल तेव्हा मार्कंड्याच्या काठावर हजार माणसं असतील, आणि त्यांना दिसेल की देव शीड लावून येतो आहे. तू नको म्हणालास. मी म्हणालो, वारा कुठे आहे? वारा खरंच नव्हता. बांबू मी बांधला, ताडपत्री मी बांधली. मग म्हणालो, दे ना भाऊ, दहा हात वल्हवू दे. तू दिलंस. का दिलंस रे? मी मागत होतो म्हणून, आणि तुला नाही म्हणता येत नाही म्हणून. मला ते माहीत होतं म्हणूनच मी मागत होतो.

नदी वळते तिथे वारा आला. ताडपत्री भरली. तू ओरडलास, "सोड, दोर सोड!" आणि दोर सुटेना, कारण गाठ माझी होती. मी घाबरून वल्हं उलट्या बाजूला मारलं. एवढंच.

रेतीला लागून मी कमरेइतक्या पाण्यातून मार्कंड्याच्या काठावर चढलो. वाहत आलेली ताडपत्रीही ओढून घेतली, कारण तिच्यावर खात्याचा शिक्का होता. बघ, देवापेक्षा मला शिक्का आठवला. तू मात्र डोहात बुड्या मारत होतास. मी सात मोजल्या, मग मोजणं सोडलं. पंच दुसऱ्या डोंग्याने आले आणि वाळूतच उभं राहून त्यांनी तुला विचारलं, "वल्हं कोनाच्या हाती होतं?" मी दहा हातांवर उभा होतो, ओल्या धोतरात. यात्रेत ओल्या धोतराला कोण विचारतं? तू म्हणालास, "नाव माही होती." त्यांनी विचारलं, "संगं कोन होतं?" तू म्हणालास, "संगं देव होता."

माझ्याकडे तू एकदाच पाहिलंस. मी देवळाकडे तोंड केलं आणि नमस्कार केला.

तू माझं नाव घेतलं नाहीस आणि खोटंही बोलला नाहीस. आणि मी तुला पहिल्या पत्रात खोटं बोलायला सांगितलं. "तीन शब्दांनी काय झिजतं" म्हणे! लाज वाटते भाऊ. खूप वाटते. पण नोकरीचं काय करू? ताडपत्रीचं बाहेर आलं तर घरी बसवतील. आता तूच सांग काय करू.

नानाजी


आलापल्ली,
८ डिसेंबर १९५७

इस्तारीभाऊ,

हे पत्र मोठ्याने वाचायला हरकत नाही, गुरुजी. आधी तुमच्याबद्दलच आहे.

महिनाभर मी टपालाच्या थैलीवर घारीसारखी नजर ठेवून होतो. आणि कार्ड आलं ते असं : "आपल्या आज्ञेप्रमाणे पुढील मजकूर मनात वाचला. इस्तारी समोर बसला होता. 'बाबू काय म्हनते?' असे त्याने विचारले. मी 'खुशाल आहेत' असे सांगितले. मनात वाचलेले त्यास कसे पोचावे हे आपण लिहिले नव्हते."

गुरुजी! लोकांसमोर वाचू नका म्हणजे त्यालाही सांगू नका असं होतं का? शाळेच्या मागे न्यायचं, कानात सांगायचं! चाळीस वर्षं मुलांना शिकवलंत आणि एवढं उमजलं नाही? माझ्या जिवाची चार पानं तुमच्या एकट्याच्या पोटात जाऊन बसली. आता तुम्हाला सगळं माहीत आणि ज्याला सांगायचं त्याला मी खुशाल!

हे लिहून झाल्यावर मी पाणी प्यायलो. राग उतरला आणि खरं काय ते दिसलं. कार्ड वाचून मला आधी राग आला नव्हता. आधी बरं वाटलं होतं. सुटलो, असं वाटलं होतं. गुरुजींनी दिलं नाही, माझा काय दोष, असं म्हणून मी त्या संध्याकाळी दोन वेळा वाढून घेऊन जेवलो. राग मी नंतर आणला.

कमळा बघत होती. तिने ताट उचललं आणि विचारलं, "यात्रेत न्हायले जाताना मानूस ताडपत्री घेऊन जाते का?" मी म्हणालो, काय? ती म्हणाली, "रिंगा मी शिवून देल्या होत्या. वाळू मी झटकली. दहा महिने झाले, मी काई बोललो का?" मी म्हणालो, मग आता सांगतोच तुला. तर हात झटकून म्हणते, "मले नोका सांगू. ज्याले सांगाचं त्याले सांगा."

नाव ठीक आहे. दोर नाकाला बांधतो. गेल्या रविवारी रेतीत रुतून दोन तास बसलो, मग माझ्या एकट्याच्या उतरण्यानेच नाव हलली.

गुरुजी, ती चार पानं जपून ठेवा. त्याला आत्ता सांगू नका. मी सांगेन तेव्हा सांगा.

नानाजी


आलापल्ली,
१२ जानेवारी १९५८

इस्तारीभाऊ,

उत्तर नाही. बरोबर आहे, मी काही विचारलंच नव्हतं. माझी पत्रं सध्या नावेसारखीच चालली आहेत, गोल गोल.

एक घडलं ते सांगतो. पारावर ऐकू दे सगळ्यांना.

गेल्या रविवारी पोचू पुढे बांबू घेऊन उभा होता, वल्हं माझ्या हाती. पाणी उतरलं आहे, नदी काचेसारखी. मला वाटलं, आता मी शिकलो. समोर जाळ्याचे भोपळे तरंगत होते, एका रेषेत. पोचू म्हणाला, "वद्दु बाबू, वद्दु!" म्हणजे नको, नको. मी म्हणालो, बाजूने काढतो, तू बघत राहा. बाजूने निघालीच नाही. नाव जाळ्यावर चढली, वल्हं अडकलं, मी ओढलं आणि जाळं कपड्यासारखं फाटलं.

जाळ्याचा धनी मंगरू काठावर विडी ओढत बसला होता. तो उठून ओरडला, "कोनं केलं रे?" आणि भाऊ, माझं तोंड उघडायच्या आत पोचू म्हणाला, "माहा हात सुटला." मंगरू पाण्यात उतरला. त्याने पोचूच्या मुस्काटात दिली. एकच, पण आवाज पलीकडच्या काठावरून परत आला. पोचू खाली बघून जाळं सोडवायला लागला.

मी नावेत बसून होतो. वल्हं अजून माझ्या हातात होतं, भाऊ. मंगरूला दिसत होतं, पोचूला दिसत होतं. मला बोलायला किती वेळ होता म्हणतोस? पुष्कळ होता. मी बोललो नाही. परत येताना पोचूला विचारलं, तू का सांगितलंस? तो म्हणाला, "बाबू नाई सांगत कधी. मंग कोनं तरी सांगालेच पायजे ना." रागाने नाही बोलला. हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलला.

आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही. खोडांवर नंबर चुकले. साहेब ओरडले. आज सकाळी नाव न काढता सायकलने सरळ मंगरूच्या घरी गेलो. सुताचे गुंडे घेऊन गेलो होतो. म्हणालो, मंगरू, जाळं मी फाडलं. वल्हं माझ्या हाती होतं.

मंगरूने गुंडे घेतले, सूत बोटांत चाचपून पाहिलं आणि म्हणाला, "मले मालूम होतं बाबू. पोचू आंधळा झाला तरी जाळ्यावर नाव नाई घालनार. आमी पाहून राह्यलो होतो, बाबू सांगते का नाई." मग पोचूला बोलावलं आणि त्याच्यासमोर मला परत म्हणायला लावलं. म्हटलं. आकाश काही पडलं नाही. मंगरूच्या बायकोने पेज दिली.

येताना वाटेत सायकल थांबवून मी रस्त्याच्या कडेला बसलो. एक गोष्ट डोक्यात आली. त्या दिवशी तुझी नाव लोकांनी ओढून काढली. तिच्यावर बांबू बांधलेला होता. तो कोणी बांधला? कोणत्या गाठीने? तुमच्या गावात गाठ ओळखत नाही असं एक माणूस तरी आहे का?

गुरुजी, मला एवढंच कळवा : ती नाव कुठे आहे, आणि तिच्यावरचा बांबू कोणी सोडला?

नानाजी


आलापल्ली,
९ फेब्रुवारी १९५८

गुरुजी,

तुमचं कार्ड मिळालं. "नाव घाटावर वाळूत आहे. बांबू तसाच आहे. गाठ कोणी सोडली नाही. पंचांनी सोडू दिली नाही."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मंगरूसारखेच तुम्ही सगळे वर्षभर बघत होतात, बाबू सांगतो की नाही. पारावर बसून माझ्या राळेच्या, दोराच्या गोष्टी ऐकत होतात आणि पुढच्या पानात ती गोष्ट येते का याची वाट पाहत होतात. ते वल्हं इस्तारीसाठी टांगलेलं नाही. ते माझ्यासाठी टांगलेलं आहे. फक्त गिट्टी तो फोडतो आहे.

आता माझं ऐका. जपून ठेवलेली ती चार पानं काढा. आज संध्याकाळी पारावर पंचांना बोलवा, बायकांना बोलवा, इस्तारीला समोर बसवा, आणि मोठ्याने वाचा. "मी यात्रेत नव्हतो" इथपासून. मध्ये गाळू नका. शिक्क्याचं वाक्य तर दोनदा वाचा. वाचून झालं की हे पत्र वाचा.

इस्तारीभाऊ,

वल्हं माझ्या हाती होतं. हात माझा चुकला.

पंचांचा नियम तोंडाने सांगण्याचा आहे, कागदाने नाही, हे मला माहीत आहे. मी येतो आहे. पण मी मला ओळखतो. निघायच्या दिवशी मला ताप येईल, नाहीतर साहेबांचं तातडीचं काम निघेल, नाहीतर मोटार चुकेल. म्हणून हे पत्र आधी पाठवतो. एकदा हे पारावर वाचलं गेलं की माझी मागची वाट बंद. मग ताप आला तरी तापासकट यावं लागेल.

ताडपत्रीचं काल साहेबांना लिहून दिलं. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "नानाजी, तुम्ही आणि नाव?" पुढे काय होईल ते होईल. कमळाला सांगितलं, कदाचित घरी बसावं लागेल. तिने चुलीवरून तोंड वर केलं नाही. "घरी बसले तं बरंच होईन," म्हणाली, "रविवारी तरी कोरडे राहान." मग डोळे पुसले. धूर होता म्हणाली.

मुखवटा मला परत देता येत नाही. तो डोहात आहे आणि डोह कोणाचं ऐकत नाही. पण गाठ मला सोडता येते. ती दुसऱ्या कोणाला सुटायचीही नाही, वर्षभर उन्हापावसात आवळली असेल. मला ओल्या आणि सुक्या दोन्ही गाठींची सवय आहे. नखं राखली आहेत.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळच्या मोटारीने मी चामोर्शीला उतरतो आणि चालत मार्कंड्याला येतो. दुपारपर्यंत तुमच्या समोरच्या काठावर उभा असेन. पंचांना म्हणावं, मी नदी ओलांडून तोंडाने सांगेपर्यंत वल्हं खाली काढायचं नसेल तर नथ्थूला पाठवा, मी त्याच्या डोंग्यात बसेन. पण पत्र ऐकून त्यांना पुरे वाटलं आणि वल्हं झाडावरून उतरलं, तर दुसऱ्या कोणाला पाठवू नकोस भाऊ. तू ये. तुझ्या नावेवर माझा बांबू आहे म्हणून माझा डोंगा घेऊन ये, आंब्याखालचा.

न्यायला आलास तर बोलू नकोस वाटलं तर. शिवी द्यावी वाटली तर दे, नदीच्या मधोमध दे, तिथे मला पळता येत नाही. मी मधल्या जागी बसेन. दोन्ही हात मांडीवर ठेवेन.

नानाजी